१३४/८६

सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवरून घरी आले आणि दम न घेताच बीपी मोजलं. १४६/९२. पोटात गोळाच आला. महिनाभर हेच चाललंय, पट्टा दंडावर आवळायला लागला की छातीत धडधड सुरू.

मग आईने खुर्चीत बसवलं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. ५ मिनिटं एक शब्द बोलू दिला नाही. १३४/८६. त्याच हाताला, त्याच मशीनवर!

डॉक्टरांनी दिलेलं अम्लोडिपिनचं, म्हणजे बीपीच्या गोळ्यांचं पाकीट आठवडाभर तसंच पडून होतं. घोटे सुजतात असं वाचलं आणि घाबरले. आज फोन करून सगळं सांगितलं, आकड्यांसकट. सूज सगळ्यांना येत नाही, आली तर गोळी बदलता येते, म्हणाले.

रात्री पहिली गोळी घेतली. आई शेजारीच बसून होती.