तुम्ही विचारलंत म्हणून: नेटमुळे मुलांच्या डोक्यावर परिणाम होतो का?

मी १४-१५ वर्षांच्या मुलामुलींना गणित शिकवते. पालक भेटले की मार्कांचं बोलून होतं आणि मग हमखास येतं, मॅडम, सारखं नेटवर असतं हो, याने डोक्यावर काही परिणाम होत असेल का, आणि किती तास दिलेले चालतात?

आधी तासांचं सांगते. नुसते तास मोजून फार काही हाती लागत नाही. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझबिल्स्की या ऑक्सफर्डच्या संशोधकांनी साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती तपासली होती, २०१९ साली. मुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो त्यातल्या फार तर ०.४ टक्के फरकाचा संबंध स्क्रीनशी लागला. म्हणून घाबरू नका असं मी मनापासून सांगते, पण वर्गात मला जे दिसतं ते तासांच्या हिशोबात येतच नाही.

भूमितीची सिद्धता घ्या. आकृती काढून झाली, पक्ष-साध्य लिहून झालं आणि पुढे काही म्हणजे काही सुचत नाही. ही सुचत नसतानाची पाच-दहा मिनिटं असतात ना, खरा विचार तेव्हाच चालतो, मूल एक रेघ मारतं, खोडतं, परत पक्ष वाचतं, आकृती उलटी धरून बघतं आणि एकदम अरे हा कोन तर तिकडेही आहे! आता काय होतं, हात आपोआप फोनकडे जातो, फोटो काढला की अ‍ॅप सगळ्या स्टेप्स देतं आणि त्या उतरवल्या की झालं. वाचल्यावर समजतं त्याला, विचारलंत तर नीट सांगेलसुद्धा. पण अडल्यावर तिथेच बसून राहायची सवय लागत नाही, आणि ती सवयच आहे, हुशारीशी तिचा फारसा संबंध नाही. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

मग लाइक्स. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या संशोधकांनी १३ ते १८ वयाच्या मुलांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून इन्स्टाग्रामसारखे फोटो दाखवले, लाइक्सचे आकडे संशोधकांनीच टाकलेले. ज्या फोटोला जास्त लाइक्स तोच मुलांनाही लाइक करावासा वाटला, आणि दारू-सिगरेटचे फोटो बघताना मेंदूतल्या स्वतःला आवरणाऱ्या भागांचं काम मंदावलं. हे भाग पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते. म्हणून 'तुला स्वतःचं मत नाही का' असं पोरांवर ओरडणं मला अन्यायाचं वाटतं.

भांडणांचंही तसंच. दोन जिवलग मैत्रिणी, एकीने लांबलचक मेसेज केला, दुसरीचं उत्तर नुसतं 'बरं.' आणि पुढे पूर्णविराम. त्या पूर्णविरामावरून रुसवा, स्क्रीनशॉट तिसरीला, तिने ग्रुपवर टाकला, रात्रीत ब्लॉक. समोरासमोर असत्या तर एकीचा चेहरा पडलेला दुसरीला दिसला असता आणि ती तिथेच थांबली असती! चेहरा वाचणं सरावाने येतं हो. २०१४ च्या एका अभ्यासात सहावीतली मुलं पाच दिवस स्क्रीनशिवाय शिबिरात राहिली, तर नंतर चेहऱ्यावरच्या भावना ओळखण्यात शाळेत राहिलेल्या मुलांपेक्षा त्यांची जास्त प्रगती झाली. आता फोन नव्हता म्हणून, की दिवसभर एकमेकांसोबत होती म्हणून, हे त्यातून वेगळं काढता येत नाही, पण माझ्या दृष्टीने ते एकच आहे, फोन कशाची जागा घेतोय तेच बघायचं असतं.

उलटही बघितलंय. वर्गात तोंड न उघडणारं पोर कोडिंगच्या ग्रुपमध्ये अनोळखी लोकांना धडाधड समजावत असतं. त्याचा फोन काढून घ्या असं मी कधीच म्हणणार नाही.

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना सोशल मीडियावर अकाउंट ठेवता येत नाही, तसं सगळीकडे हवं ना, असंही विचारतात. वयाची अट असावी, माझा पाठिंबा आहे. पण न संपणारं स्क्रोल सोळाव्या वाढदिवशीही तसंच असणार, त्यामुळे कायद्याची वाट बघत बसू नका. रात्री घरातले सगळे फोन, तुमचेसुद्धा, झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावा. गणित अडलं तर आधी दहा मिनिटं वही आणि पेन्सिल, मग खुशाल अ‍ॅप. मैत्रिणीशी बिनसलं तर टाइप करू नकोस, भेटून बोल, लांब असेल तर निदान फोन कर. पोरं कुरकुर करतात, करू द्या.