किट एक, आतला माल निराळा: सीलच्या दुकानाचा स्टॉक टॅलीत बसवताना

कर्नाटकातल्या बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक सीलचं, म्हणजे सिलेंडरमधलं तेल गळू न देणाऱ्या रिंगांचं, माझं लहानसं दुकान आहे. गिऱ्हाईक येऊन 'किट द्या' म्हणतं, पण किट त्याला हवं असतं स्वतःच्या मर्जीचं. ८० बोअरच्या (आतला व्यास ८० मिलिमीटर) सिलेंडरचं किट म्हणजे रॉड सील, पिस्टन सील, वायपर (रॉडवरची घाण पुसणारी रिंग), ओ-रिंगा, बॅकअप रिंगा आणि गाइड रिंग. जेसीबीवाला म्हणतो, "सावकार, वायपर तेवढा डबल लिपचा घाला की." ऊस ओढणाऱ्या ट्रॉलीच्या जॅकला सगळ्यात स्वस्त माल चालतो. फौंड्रीतल्या मशिनचं तेल तापतं. नायट्राइलची (नेहमीच्या रबराची) ओ-रिंग साधारण १०० अंशांच्या पुढे कडक पडत जाते, म्हणून तिथं व्हायटॉन, म्हणजे जास्त उष्णता सोसणारं महाग रबर.

हा हिशेब डोक्यात चालत होता तोवर चालला. स्टॉक टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचा ठरला तेव्हा हिशेब लिहिणाऱ्या पोरानं सुचवलं, प्रत्येक प्रकाराचा वेगळा आयटम करू. मी कागद घेतला. बोअरची ८ मापं, रबर २ प्रकारचं, वायपर २ प्रकारचे, गाइड रिंग २ प्रकारच्या: झाले ६४ आयटम, आणि रॉडची मापं अजून धरलीच नव्हती. पुढ्यात तेलकट हातांचा मेस्त्री उभा असताना त्या यादीतून नेमका आयटम हुडकणार कोण?

म्हणून दुसरी वाट धरली. बोअर आणि रॉडच्या एका जोडीला एकच किट. स्टॉक आयटमच्या मास्टरमध्ये (त्याची कायमची माहिती असते तिथं) एफ१२ दाबून घटकांचा पर्याय चालू केला आणि नेहमीच्या भागांचं बिल ऑफ मटेरियल, म्हणजे कुठला भाग किती लागतो त्याची यादी, भरून ठेवलं. मग स्टॉक जर्नलच्या (एक माल वजा, दुसरा जमा अशा नोंदीच्या) जातीचं नवं व्हाउचर तयार करून त्याला 'मॅन्युफॅक्चरिंग जर्नल म्हणून वापर' असं सांगितलं. आता ऑर्डर आली की ते व्हाउचर उघडायचं. सगळे भाग आपसूक येतात. सिंगल लिपची ओळ काढायची, डबल लिपची घालायची, पिशवीचा खर्चही तिथंच चढवायचा. बदल त्या एका व्हाउचरपुरता राहतो, मास्टरला कुणी हात लावायचा नाही. सुट्या मालातून जे खरोखर गेलं तेच वजा होतं. बिलावर मात्र गिऱ्हाइकाला हवी तशी 'सील किट' ही एकच ओळ.

एक अपवाद केला. सरासरी किमतीच्या पद्धतीत महाग किट आणि स्वस्त किट एकाच नावाखाली ठेवलं की नफा कशावर मिळाला ते कळत नाही. व्हायटॉनचा भाव फारच वेगळा असतो, म्हणून त्याचे आयटम स्वतंत्र. वायपरच्या फरकासाठी एवढा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

गाइड रिंगची पट्टी मीटरवर येते आणि कापून द्यावी लागते. ८० बोअरला साधारण पाव मीटर लागते. पण युनिटच्या मास्टरमध्ये दशांश स्थळं शून्य असतील तर ०.२५ टाकताच येत नाही. मीटरला दोन स्थळं द्यायची, नगाला शून्यच ठेवायचं.

जीएसटीचा मुद्दा आमच्या सीएंनी काढला. सुटं रबरी सील एचएसएन (मालाच्या वर्गाचा क्रमांक) ४०१६ खाली जातं, पण निरनिराळ्या मटेरियलच्या सीलांचा संच पिशवीत भरला की एचएसएन ८४८४. कर दोन्हीकडे १८ टक्केच, तरी किटच्या मास्टरमध्ये हा क्रमांक वेगळा टाकावा लागला. महाराष्ट्रातल्या गडहिंग्लजच्या पार्टीला माल पाठवला की आयजीएसटी, कर्नाटकातच निपाणीला पाठवला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी. पार्टीच्या मास्टरमध्ये राज्य बरोबर असलं की ते आपलं आपण पडतं.

खरी कटकट परतीच्या मालाची. मेस्त्री उघडी पिशवी घेऊन येतो: "एकच ओ-रिंग लागली, बाकीचं ठेवून घेतासा काय?" त्यासाठी आधी क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची नोंद) करून किट परत घ्यायचं, मग स्टॉक जर्नलमध्ये किट वापराच्या बाजूला आणि सुटे भाग उत्पादनाच्या बाजूला लिहून ते फोडायचं. लागलेल्या ओ-रिंगचं सुटं बिल वेगळं. चिरलेले, ताणलेले भाग 'खराब' नावाच्या गोडाऊनमध्ये टाकतो, म्हणजे विक्रीच्या स्टॉकात ते दिसत नाहीत. एकदा सिलेंडरमध्ये दाबून बसवलेला वायपर मात्र परत घेत नाही, मेस्त्री कितीही ओळखीचा असो.