तुम्ही विचारलंत म्हणून: तेजोमेघाचे रंग खरे असतात का?

मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा, म्हणजे अवकाशातल्या चमकणाऱ्या वायूच्या ढगाचा, मी काढलेला फोटो पाहिल्यावर बहुतेक जण एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. कोणी थेट विचारतो, "सर, हे रंग खरे की कॉम्प्युटरवर भरलेत?" कोणी थोडे आडून विचारतो, "म्हणजे यानात बसून जवळ गेलो, तर असंच दिसेल का?" उभ्या उभ्या द्यायचे उत्तर तीन वाक्यांचे आहे. फोटोतला प्रकाश खरा आहे, तो त्या तेजोमेघातूनच आलेला आहे. रंगांचा गडदपणा मी ठरवलेला आहे. आणि जवळ गेलात तरी तो तुम्हाला असा दिसणार नाही. यातल्या तिसऱ्या वाक्यावर सहसा कोणाचा विश्वास बसत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आमचे घर कोल्हापुरात फुलेवाडीच्या पुढे, गगनबावड्याच्या रस्त्यापासून थोडे आत आहे. हिवाळ्यात मागच्या अंगणात दुर्बीण लावली की आजूबाजूचे लोक बघायला येतात आणि मी त्यांना आधी मृगच दाखवतो. त्रिकांड बाणाच्या खाली तीन अंधूक ठिपके ओळीने दिसतात, त्यांतला मधला ठिपका म्हणजे हा तेजोमेघ. तो आपल्यापासून सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर आहे. आठ इंची दुर्बिणीतून त्याच्या मध्यभागी चार चांदण्या अगदी जवळजवळ दिसतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना राखाडी पंख पसरलेले दिसतात. फोटो पाहून आलेला माणूस डोळा लावतो, थोडा वेळ गप्प राहतो आणि मग म्हणतो, "एवढंच व्हय? फोटोत तर रंग होते की." ज्यांची नजर अंधाराला चांगली सरावलेली असते, त्यांना मध्यभागी किंचित हिरवट छटा जाणवते. लाल रंग मात्र आजवर कोणालाही दिसलेला नाही.

याचे कारण दुर्बिणीत नसून डोळ्यात आहे. आपल्या नेत्रपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकूपेशींना भरपूर प्रकाश लागतो. तो कमी पडला की काम दंडपेशींकडे जाते, आणि दंडपेशींना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. त्यातही त्या सर्वाधिक संवेदनशील असतात त्या ५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या, म्हणजे निळसर हिरव्या प्रकाशाला, आणि ६५० च्या पुढच्या लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या असतात. तेजोमेघाचा सर्वांत ठळक रंग नेमका तिथेच आहे.

यावर लोक म्हणतात की मग मोठी दुर्बीण घ्या, किंवा जवळ जा, म्हणजे प्रकाश वाढेल. तारा हा बिंदू असतो, त्यामुळे मोठ्या दुर्बिणीतून तो खरोखरच तेजस्वी दिसतो. तेजोमेघाला पसारा आहे. चुन्याने रंगवलेल्या भिंतीकडे चालत जाताना भिंत मोठी होत जाते, पण तिचा पांढरेपणा वाढत नाही. डोळ्यात येणारा प्रकाश वाढतो, तसा तो नेत्रपटलाच्या वाढत्या भागावर पसरत जातो. तेजोमेघाचेही तसेच होते. यानाने १,३५० प्रकाशवर्षांपैकी बहुतेक अंतर कापले तर तो अर्धे आकाश व्यापेल, परंतु त्याच्या प्रत्येक तुकड्याची उजळता आमच्या अंगणातून दिसते साधारण तेवढीच राहील. दुर्बीणसुद्धा, कितीही मोठी घेतली तरी, अशा पसरलेल्या वस्तूची उजळता नुसत्या डोळ्याला दिसते त्याहून वाढवू शकत नाही. ती फक्त आकार वाढवते. म्हणून "जवळ गेल्यावर दिसेल ते खरे" ही कसोटी इथे लावली, तर खरा तेजोमेघ राखाडी आहे असे म्हणावे लागेल, आणि ते तर साफ चुकीचे ठरेल.

चुकीचे का, ते वर्णपटावरून, म्हणजे प्रकाश रंगारंगांत फोडल्यावर मिळणाऱ्या पट्ट्यावरून कळते. तेजोमेघाच्या मध्यभागच्या त्या चार चांदण्यांपैकी एक अतिशय तप्त तारा आहे. त्याच्या अतिनील किरणांनी भोवतालच्या हायड्रोजनच्या अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात, आणि ते पुन्हा अणूत परतताना ऊर्जेच्या पायऱ्या उतरत खाली येतात. तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर येताना जो प्रकाश बाहेर पडतो त्याची तरंगलांबी ६५६.३ नॅनोमीटर असते, म्हणजे गडद लाल. हा आकडा माझ्या अंगणात, शिवाजी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आणि मृगात एकच आहे. त्यात मला काही करता येत नाही.

हिरव्या छटेची कथा अधिक रंजक आहे. १८६४ साली विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला, तेव्हा त्यांना इंद्रधनुष्याचा सलग पट्टा दिसण्याऐवजी मोजक्याच तेजस्वी रेषा दिसल्या. तेजोमेघ म्हणजे दूरवरच्या चांदण्यांचा पुंजका नसून तो विरळ वायू आहे, हे त्या रेषांनी सिद्ध केले. त्यांतली हिरवी रेषा मात्र पृथ्वीवरच्या कोणत्याही मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून पुढे 'नेब्युलियम' नावाचे एक नवे मूलद्रव्यच कल्पिले गेले. १९२७ साली आयरा बोवेन यांनी दाखवून दिले की ही रेषा, ५००.७ नॅनोमीटरची, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या साध्या ऑक्सिजनची आहे. असा अणू ऊर्जा घेतल्यावर ती सोडण्यापूर्वी कित्येक सेकंद थांबतो. आपल्याकडच्या दाट वायूत तेवढ्या वेळात दुसऱ्या कणाची धडक बसून ती ऊर्जा निघून जाते. तेजोमेघ इतका विरळ आहे की तिथे धडक बसण्याआधी सवडच सवड मिळते, आणि म्हणून तो प्रकाश बाहेर पडतो. दंडपेशींना जो प्रकाश सर्वांत चांगला दिसतो त्याच्या अगदी शेजारची ही रेषा असल्यामुळे सरावलेल्या डोळ्यांना दिसते ती हिरवी झाक खरीच असते.

कॅमेरा डोळ्याहून शहाणा आहे असे नाही. तो फक्त थांबू शकतो. डोळा सेकंदाच्या लहानशा अंशापलीकडे प्रकाश साठवून ठेवू शकत नाही. हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी याच तेजोमेघाचा पहिला फोटो घेतला, तेव्हा काच ५१ मिनिटे उघडी ठेवावी लागली होती. आज मी तीन-तीन मिनिटांच्या फ्रेम घेतो आणि रात्रभराच्या फ्रेम एकमेकींवर रचतो. फ्रेम चौपट केल्या की प्रकाशाच्या तुलनेत नॉइज, म्हणजे फोटोतली खरखर, निम्मी होते, एवढ्यासाठीच सगळे जागरण असते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश सेकंदाला सुमारे १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) सरकते, म्हणून माउंटचा, म्हणजे दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीचा, अक्ष ध्रुवाच्या दिशेने अचूक लावावा लागतो. कोल्हापुरात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर असतो, आणि आमच्या उत्तरेला शेजाऱ्यांची दुमजली इमारत आहे. आकाशाच्या दुसऱ्याच भागाचे फोटो घेऊन अक्षाची दिशा काढून देणारे सॉफ्टवेअर नसते, तर हा छंद मी अंगणात करूच शकलो नसतो.

एकट्या फ्रेमकडे जवळून पाहिले, तर त्यात दाखवण्यासारखे काहीच नसते. पडदा जवळजवळ काळा असतो, मध्यभागी एक लहानसा पांढरट गुलाबी डाग असतो, इकडेतिकडे सेन्सरचे तापलेले लाल-निळे ठिपके असतात आणि बहुधा एखाद्या उपग्रहाची रेघ आडवी गेलेली असते. हिस्टोग्रामचा, म्हणजे कोणत्या उजळतेचे किती पिक्सेल आहेत हे दाखवणाऱ्या आलेखाचा, सगळा डोंगर डाव्या कडेला चिकटलेला असतो. फ्रेम रचून झाल्यावर तो डोंगर उजवीकडे ताणला जातो, आणि आतापर्यंत अंधारात दबलेले पंख पडद्यावर हळूहळू वर येतात. किती ताणायचे हा निर्णय माझा असतो, आणि 'गडदपणा मी ठरवतो' असे सुरुवातीला म्हटले ते याच अर्थाने. मध्यभाग आणि पंखांचे टोक यांच्या उजळतेत इतका फरक आहे की तीन मिनिटांच्या फ्रेममध्ये त्या चार चांदण्या पांढऱ्या उजेडात बुडून जातात. त्यांच्यासाठी काही सेकंदांच्या फ्रेम वेगळ्या घेऊन नंतर मिसळाव्या लागतात. बाजारात मिळणारा साधा कॅमेरा तर हायड्रोजनचा बहुतांश लाल प्रकाश सेन्सरसमोरच्या काचेवरच अडवतो, कारण तो माणसांचे फोटो नैसर्गिक यावेत म्हणून बनवलेला असतो. माझ्या कॅमेऱ्यातली ती काच मी बदलून घेतली आहे. त्याला कोणी फसवणूक म्हणत असेल, तर काच तशीच ठेवणे हीही एक फसवणूकच म्हणावी लागेल.

रंगांचा खरा कस लागतो तो हवेमुळे. कोल्हापूरचे आकाश जून ते सप्टेंबर पावसाला दिलेले असते, त्यामुळे धनु राशीतले देखणे तेजोमेघ आमच्या वाट्याला फारसे येत नाहीत. मृग मात्र डिसेंबरच्या मध्याला मध्यरात्रीच्या सुमारास क्षितिजापासून ६८ अंशांवर चढते. हाच काळ ऊसतोडीचा आणि गुऱ्हाळांचा. तुटून गेलेल्या फडातले पाचट कोणी पेटवले की त्या रात्रीच्या फ्रेम तांबूस येतात, कारण धूर निळा प्रकाश अधिक विखुरतो. त्यात शहराचा उजेड मिसळतो. रस्त्यावरचे जुने सोडियमचे दिवे मुख्यतः पिवळ्या पट्ट्यात जळत, त्यांना फिल्टरने गाळणे सोपे होते. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश सगळ्या वर्णपटावर पसरतो. म्हणून मी फक्त ६५६.३ आणि ५००.७ च्या आसपासचा अरुंद प्रकाश आत सोडणारा फिल्टर लावतो, आणि ताऱ्यांचे रंग त्यात मरतात म्हणून त्यांच्या फ्रेम फिल्टरशिवाय वेगळ्या घेतो. शेवटी, ज्यांचे रंग तारे मोजणाऱ्या गाया उपग्रहाने मोजलेले आहेत अशा ताऱ्यांशी फोटोतले तारे जुळवून घेतो. मृगातल्या ठळक ताऱ्यांपैकी काक्षी नारिंगी आणि राजन्य निळसर पांढरा, हे तर कोणीही नुसत्या डोळ्यांनी ताडून पाहू शकतो.

आता 'भरलेल्या' रंगांविषयी. हबल दुर्बिणीने १९९५ साली घेतलेला 'निर्मितीच्या स्तंभां'चा फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो आणि संशयाचे मूळही बहुधा तिथेच असते. त्यात गंधकाच्या प्रकाशाला लाल, हायड्रोजनच्या प्रकाशाला हिरवा आणि ऑक्सिजनच्या प्रकाशाला निळा रंग दिलेला आहे. गंधक आणि हायड्रोजन या दोघांचेही रंग मुळात लालच आहेत; ते तसेच ठेवले असते, तर कोणता वायू कुठे आहे हे कळले नसते. जेम्स वेब दुर्बीण तर मुख्यतः अवरक्त प्रकाश टिपते, ज्याला आपल्या डोळ्यांच्या लेखी रंगच नाही. तिथे लांब तरंगांना लाल आणि आखूड तरंगांना निळा रंग देऊन क्रम तेवढा राखलेला असतो. या फोटोंत प्रत्येक रंगामागे मोजलेला प्रकाश आहे आणि कोणत्या प्रकाशाला कोणता रंग दिला हे उघड सांगितलेले आहे. त्यामुळे मी त्यांना खोटे म्हणत नाही. ज्या फोटोत जिथे प्रकाश नोंदलाच गेला नाही तिथे सॉफ्टवेअरने तंतू रेखलेले असतात, त्याला मी खोटे म्हणतो, मग तो कितीही संयमी रंगात असो.

मला स्वतःला खटकणारी गोष्ट निराळीच आहे. आमच्या छंदातली बहुतेक मंडळी फोटोतला हिरवा रंग एका क्लिकमध्ये पुसून टाकतात, कारण हिरवी झाक म्हणजे सेन्सरचा दोष असे समीकरण रूढ झाले आहे. ते बऱ्याचदा बरोबरही असते. मृगाच्या मध्यभागी मात्र ते चुकते: तिथे ऑक्सिजनची रेषा सेन्सरच्या हिरव्या आणि निळ्या अशा दोन्ही पिक्सेलवर पडते आणि निळसर हिरवा रंग देते. तो पुसला की फोटो गुलाबी, मऊ आणि लोकांना आवडणारा होतो. डोळ्याला दिसू शकणारा जो एकमेव रंग होता, तोच गेलेला असतो. मी तो ठेवतो.

तेव्हा रंग खरे आहेत का, असे पुढच्या वेळी विचाराल, तर फोटोखालची बारीक ओळ आधी वाचा. "लाल: हायड्रोजन, ६५६.३ नॅनोमीटर, निळसर हिरवा: ऑक्सिजन, ५००.७ नॅनोमीटर, तारे फिल्टरशिवाय, उजळता वाढवलेली." ती ओळ वाचून फोटोची मजा जाते, अशी तक्रार घरातूनच झालेली आहे. ओळ मी तशीच ठेवली आहे, अक्षर तेवढे थोडे बारीक केले आहे.