फ्रेंचचा भूतकाळ आणि आपला भावे प्रयोग : माझा अनुभव

'पासे काँपोझे' या फ्रेंच भूतकाळात धातूच्या रूपाला स्त्रीलिंगी 'ई' (e) आणि अनेकवचनी 'एस' (s) कधी जोडायचे, हे कोष्टक पाठ करून मला जमलं नाही. शाळेतले तीन प्रयोग आठवल्यावर जमलं.

या काळात मुख्य क्रियापदाआधी 'एत्र' (असणं) किंवा 'आव्हार' (जवळ असणं) हे सहायक क्रियापद येतं. 'एत्र' घेणारी जाणं, येणं, निघणं अशी मोजकी क्रियापदं सरळ कर्तरी. ती गेली, त्या गेल्या. तसंच 'पार्ती'ला (निघाली) एकीसाठी 'ई', अनेकींसाठी 'ई-एस'. मात्र 'सॉर्तिर'ला (बाहेर जाणं) कर्म मिळालं (तिने किल्ली बाहेर काढली) की ते 'आव्हार'कडे जातं आणि कर्त्याशी जुळणं बंद.

'आव्हार'मध्ये आपला कर्मणी अर्धाच चालतो. 'किल्ली घेतली' म्हणताना आपण फक्त किल्लीचं लिंग बघतो; फ्रेंच तिची जागाही बघते. 'जे प्री ला क्ले' : कर्म नंतर, बदल नाही. 'ला क्ले क जे प्रीझ' (मी घेतलेली किल्ली) : कर्म आधी, म्हणून 'ई'. (क्लेमाँ मारो या कवीने 1538 मध्ये इटालियनचा दाखला देत हा नियम पद्यात सांगितला. तेव्हापासून सगळे भोगताहेत.) सराव 'माँजे'वर (खाल्लं) करू नका, त्याचा 'ई' मुका. 'प्री-प्रीझ' (घेतलं), 'मी-मीझ' (ठेवलं), 'एक्री-एक्रीत' (लिहिलं) या जोड्यांत चूक कानालाच खटकते.

खरा घात भावे प्रयोगात. 'मी तिला पाहिलं' म्हणणारा मराठी हात 'ज ले व्ह्यू'मधला 'ई' हमखास गाळतो. तिथे 'तिला' हे कर्म आधी येतं, म्हणून तो हवाच. आपल्या 'ला'वर विसंबू नका; फ्रेंच क्रियापद 'आ' हे अव्यय मागतं का, ते बघा. 'तिला मदत केली' : 'एदे' थेट कर्म घेतं, 'ई' लावा. 'तिला फोन केला' : 'तेलेफोने'ला 'आ' लागतं, लावू नका. शब्द शिकतानाच वहीत क्रियापदापुढे 'आ' लिहून ठेवलं की हा गोंधळ निम्मा होतो.

आत्मवाचकांत (कर्ता स्वतःवरच क्रिया करतो ती क्रियापदं) दिसायला 'एत्र', पण हिशोब 'आव्हार'चाच. 'एल से लाव्हे' (तिने अंघोळ केली) : 'ई' हवा. पुढे 'ले मँ' (हात) जोडलं की कर्म हात, तेही नंतर, 'ई' गेला.

राहिलं 'फे' (केलं). 'ला रोब क जे फेत' म्हणजे मी शिवलेला झगा. शिंप्याकडून शिवून घेतला असेल तर 'जे फे कूद्र', कारण पुढे दुसरं क्रियापद असताना 'फे' कधीच बदलत नाही. 1990 च्या लेखनसुधारणेने 'लेसे'लाही (करू दिलं) तीच सूट दिली, पण जुन्या वळणाचे परीक्षक अजून तिथे 'ई' शोधतात.