पेबला मोबाईलच्या जीपीएसवर: माझा अनुभव

आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात कोणीतरी विचारतंच की वर रेंज गेली की मॅप कसा चालणार. तर आधी तेच सांगून टाकतो, जीपीएसला रेंज लागतच नाही. फोन सॅटेलाइटचे सिग्नल नुसते ऐकतो, स्वतः काही पाठवत नाही, त्यामुळे एअरप्लेन मोडवर टाकला तरी आपला निळा ठिपका बरोबर हलतो आणि बॅटरीही पुरते. नेट लागतं ते नकाशा उतरवून घ्यायला आणि सकाळी पहिल्यांदा सॅटेलाइट पटकन सापडायला, म्हणून घरातून निघतानाच एकदा लोकेशन ऑन करून ठिपका आला का बघून घ्यायचं, मग विषय संपला.

पेब म्हणजे माथेरानच्या शेजारचा विकटगड किल्ला. तो निवडला कारण नेरळहून वर जाणारी वाट विजेच्या मोठ्या टॉवरच्या लाइनला धरून जाते, म्हणजे अ‍ॅप काय म्हणतंय ते डोळ्यांनी पडताळून बघता येतं. ऑस्मअँड आणि ऑरगॅनिक मॅप्स अशी दोन अ‍ॅप घेतली आणि महाराष्ट्राचा नकाशा वायफायवर उतरवला. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून बनवलेल्या नकाशाच्या डेटावर चालतात. म्हणजे त्यातल्या पायवाटा तुमच्या-माझ्यासारख्याच कोणीतरी चालून नाहीतर वरून काढलेले फोटो बघून घातलेल्या असतात, त्यामुळे काही ठिकाणी एकदम बारीक काम असतं आणि शेजारच्याच डोंगरावर काहीच नसतं. गुगल मॅपसुद्धा ऑफलाइन ठेवता येतो पण ऑफलाइनला तो फक्त गाडीचा रस्ता सांगतो, चालायचा नाही, म्हणून नेरळ स्टेशनच्या पुढे त्याचा काही उपयोग नाही.

खरं काम जीपीएक्स फाइलींचं. ही साधी टेक्स्ट फाइल असते, कोणीतरी चालताना थोड्या थोड्या अंतरावर नोंदलेले अक्षांश-रेखांश, उंची आणि वेळ. मी एकीवर भरवसा न ठेवता पेबच्या चार-पाच वेगवेगळ्या लोकांच्या फाइली उतरवल्या आणि सगळ्या एकाच नकाशावर टाकल्या. बघण्यासारखं होतं ते! टॉवरपर्यंत सगळ्या रेषा एकमेकींवर चढलेल्या. मग घळीच्या थोडं अलीकडे एक रेष डावीकडे सुटते, तिथे तिची नुसती गुंडाळी झालेली दिसते आणि पुन्हा मूळ जागी येते. वेळ बघितली तर त्या बाबाचा चांगला पाऊण तास तिथे गेलेला. म्हणजे तो वाट शोधत फिरत होता, आणि डोळे झाकून त्याची रेष धरली असती तर आम्हीही त्याच्यामागे गोल गोल फिरलो असतो. त्या जागेवर मी पिन टाकली आणि नाव दिलं ‘इथे विचार’.

शनिवारी संध्याकाळी शिवाजी पार्कात ट्रायल. कट्ट्याची एक फेरी साधारण १.१७ किमी भरते, फोनने जवळपास तेवढीच दाखवली, पण घरी येताना दादरच्या गल्ल्यांत रेष पार बिल्डिंगींच्या आरपार उड्या मारत होती. उंच भिंतींवर सिग्नल आपटून येतो म्हणून हे होतं, डोंगरात कड्याखाली हेच होणार हे तिथेच कळलं. दुसरं म्हणजे स्क्रीन बंद झाली की फोन बॅटरी वाचवायला अ‍ॅपच झोपवतो आणि मधला तुकडा एकदम सरळ रेघ येतो. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपपुरतं बॅटरी सेव्हिंग काढून टाकलं की थांबतं. आणि चौपाटीवर उंची बघितली तर उणे साठ-पासष्ट मीटर! फोन बिघडला नव्हता. जीपीएस उंची मोजतो ती पृथ्वीच्या गणिती आकारापासून, समुद्रसपाटीपासून नाही, आणि मुंबईच्या इथे त्या दोन्हीत साधारण एवढाच फरक आहे. काही अ‍ॅप तो फरक स्वतःच वजा करतात, काही करत नाहीत, त्यामुळे गडाच्या उंचीवरून भांडू नका.

रविवारी पहिल्या कर्जत लोकलने नेरळ. गाव संपता संपता एक मामा गुरं घेऊन चालले होते, त्यांना विचारलं, पेबला हीच वाट ना? म्हणाले, "टावर धरून जावा, पुढं दोन वाटा फुटतील त्यातली ढोरांची सोडा." ती ढोरवाट नकाशावर नव्हतीच आणि प्रत्यक्षात मात्र खऱ्या वाटेपेक्षा रुंद नि मळलेली होती. सह्याद्रीत हाच घोळ आहे, अ‍ॅपला तुम्ही कुठे आहात ते पक्कं माहीत असतं पण पायाखालची वाट माणसांची की गुरांची ते त्याला कळत नाही. आम्ही पिनच्या जागी थांबलो, कातळावर रंगवलेला बाण शोधला, सापडला, उजवीकडे गेलो.

घळीत शिरल्यावर दोन्ही बाजूला कडे, ठिपका कधी पलीकडच्या उतारावर तर कधी दरीत. तिथे फोन सरळ खिशात टाकला, घळीत काय वर जायचं नाहीतर खाली. गड बघून माथेरानच्या बाजूला शिडीने उतरलो आणि १९०७ सालच्या त्या टॉय ट्रेनच्या रुळांवर आल्यावर मॅपची गरजच उरली नाही, कड्यावरच्या गणपतीला नमस्कार करून रुळारुळाने दस्तुरी नाका गाठला.

आता वेगळं जीपीएस यंत्र घ्यावं का. आमच्यातल्या एकाकडे गार्मिनचं ईट्रेक्स आहे, दोन पेन्सिल सेलवर चालतं, बटणं असल्यामुळे भिजलेल्या हातानेही चालतं, पावसात माझा टचस्क्रीन थेंबांनाच बोट समजून नकाशा भलतीकडे नेत होता तेव्हा तो आरामात झूम करत होता. पण स्क्रीन एवढीशी, आणि दिवसाच्या ट्रेकला फोन, पॉवर बँक नि झिपलॉकची पिशवी पुरते असं माझं मत. अलंग-मदन-कुलंगसारखं मुक्कामाचं काही असेल तर यंत्र मागून न्या. सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारी यंत्रं मात्र परदेशातून कोणी आणून देतो म्हणाला तरी घेऊ नका, आपल्याकडे परवान्याशिवाय ती बाळगणं बेकायदा आहे. साध्या जीपीएसला तसलं काही नाही.

आमची फाइल ग्रुपवर टाकली आहे. ढोरवाटेच्या फाट्यावर पिन आहे, ती उघडून वाचा, आणि घळीतली रेष धरू नका, ती चुकीची आहे.