टेप घेऊन लॅमिंग्टन रोडला

मी मालिकांची सबटायटल्स करते. घरूनच, मुलुंडच्या वन-बीएचकेतल्या जेवणाच्या टेबलावर. समोर साडेपंधरा इंची लॅपटॉप, वर व्हिडिओ, खाली मजकूर, आणि शेवटी सगळं एकत्र करून फाइल काढायची. मान आणि उजवा खांदा धरायला लागला तेव्हा फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिने व्यायाम दिले आणि बजावून सांगितलं, की लॅपटॉप टेबलावर सपाट ठेवून दिवसभर काम चालू राहिलं तर हे व्यायाम पुरे पडणार नाहीत. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोंचं असतं. ते सरळ असलं की मणक्यावर तोललेलं राहतं. पुढे वाकलं की तो भार मानेमागच्या स्नायूंना तासन्‌तास धरून ठेवावा लागतो.

दुसरी अडचण लॅपटॉपची होती. फाइल काढताना तो इतका तापायचा की पंख्याचा आवाज हेडफोनमधूनही ऐकू यायचा आणि काम मंदावायचं. प्रोसेसर एका ठरावीक तापमानाजवळ पोचला की स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतो. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरांसाठी ही मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. त्यात मुंबईचा मे महिना. खोलीच ३३-३४ अंशांवर असेल तर लॅपटॉपचा पंखा आत ओढतो ती हवाही तेवढीच गरम. हे आधीच समजून घेतलेलं बरं, कारण कुठलाही स्टँड लॅपटॉपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. हवा आत-बाहेर जायला वाट मोकळी करणं, एवढंच त्याच्या हातात असतं.

दोन्हींवर उपाय म्हणून स्टँड घ्यायचं ठरलं. ऑनलाइन पाहिलं तर तीनशे रुपयांच्या प्लॅस्टिकच्या घडीपासून पाच हजारांच्या अ‍ॅल्युमिनियमपर्यंत सगळं, आणि सगळ्यांवर एकच शब्द: अर्गोनॉमिक, म्हणजे शरीराला सोयीचं. पण कोणाच्या शरीराला? म्हणून मी आधी शिवणाची टेप काढली.

मापं घ्यायलाही एक क्रम आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. सुरुवात स्क्रीनपासून नाही, कोपरापासून करायची. खुर्चीवर ताठ बसून, खांदे सैल सोडून कोपर काटकोनात वाकवलं, की हात कीबोर्डच्या उंचीवर यायला हवा. जेवणाचं टेबल साधारण ७५ सेंटीमीटर उंच असतं. माझी उंची पाच फूट दोन इंच. म्हणजे नेहमीच्या खुर्चीवर बसून टाइप करताना माझे खांदे सतत वर उचललेले असायचे. खुर्ची वर घेतली, तर पाय अधांतरी लोंबकळायला लागले. त्यावर उपाय घरातच होता. आईचा जुना लाकडी पाट पायाखाली घेतला आणि मांड्या सपाट झाल्या.

यानंतरच डोळ्यांचं माप. खुर्ची वर गेली की डोळेही वर जातात, त्यामुळे उलट क्रमाने मोजलेलं सगळं वाया जातं. नव्या बैठकीत माझे डोळे टेबलापासून ४५ सेंटीमीटरवर आले. उघडलेल्या लॅपटॉपची वरची कड टेबलापासून २२ सेंटीमीटर. सर्वसाधारण सल्ला असा, की स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी आणि अंतर हातभर हवं. त्या हिशोबाने मला जवळपास २३ सेंटीमीटर उचलणारा स्टँड लागत होता.

खरेदीआधी हे करून पाहायला दिवाळी अंक कामी आले. लॅपटॉपखाली गठ्ठा रचायचा, तासभर काम करायचं, एखादा अंक काढायचा, पुन्हा बसायचं. आणि तिथे एक गोष्ट लक्षात आली जी माझ्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला सांगावीशी वाटते. मला प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. त्यात जवळचं वाचायचा भाग भिंगाच्या खालच्या बाजूला असतो. स्क्रीन पुस्तकी नियमाप्रमाणे डोळ्यांच्या रेषेत आणली की मजकूर स्पष्ट दिसावा म्हणून हनुवटी आपोआप वर उचलली जाते आणि मान मागे मोडते. पुढे वाकण्याचं दुखणं जाऊन मागे मोडण्याचं येतं. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर स्क्रीन नियमापेक्षा बरीच खाली हवी. गठ्ठा कमी करत गेले तेव्हा १६ सेंटीमीटरच्या आसपास हनुवटी जागेवर राहिली आणि अक्षरंही नीट दिसली. आकडा ठरला. फिजिओथेरपिस्टला विचारलं, तिनेही हेच म्हटलं: चष्मा आधी, नियम नंतर.

याच गठ्ठ्याने हवेचं गणितही दाखवलं. अंकांमुळे लॅपटॉपच्या तळाच्या जाळ्या झाकल्या जात होत्या. एचडब्ल्यूइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर प्रोसेसरचं तापमान दाखवतं, ते चालू ठेवून फाइल काढली तर आकडा झपाट्याने पंचाण्णवच्या पुढे. तोच लॅपटॉप चार कोपऱ्यांखाली बाटल्यांची बुचं ठेवून टेबलावर ठेवला तर तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं. बहुतेक लॅपटॉप तळाकडून हवा ओढतात आणि बिजागरीजवळून किंवा बाजूने बाहेर टाकतात. त्या ओढीला जागा मिळाली की अर्धं काम झालं.

मापं खिशात आणि लॅपटॉप पाठीवर घेऊन लॅमिंग्टन रोड, म्हणजे मुंबईतला संगणकाच्या वस्तूंचा बाजार, गाठला. कागदोपत्री तो डॉ. भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोडला उतरून त्या नावाने पत्ता विचारणारा कोणी मला अजून भेटलेला नाही. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, म्हणून आठवड्यातल्या दिवशी सकाळी गेले. इथवर जायचं मुख्य कारण हे, की इथे वस्तू हातात घेऊन, वर स्वतःचा लॅपटॉप ठेवून बघता येते. एका दुकानातला मुलगा म्हणाला, "ताई, लॅपटॉप आणलाय ना? मग ठेवून टाइप करूनच बघा." असं म्हणणारा दुकानदार मिळाला तर त्याच्याकडूनच घ्यावं.

आधी समोर आला तो पंखेवाला कूलिंग पॅड, खाली निळे दिवे. तो मी लगेच बाजूला ठेवला. हे पंखे यूएसबीच्या विजेवर चालतात, तिथे ताकद मुळातच बेताची. शिवाय पॅडचे पंखे लॅपटॉपच्या जाळीच्या नेमके खाली आले नाहीत तर हवा पत्र्यावर आपटून परतते. आणि दिवसभर संवाद ऐकणाऱ्या माणसाच्या कानाजवळ आणखी एक घरघर कशाला? त्यातून तो उचलतो जेमतेम काही सेंटीमीटर, म्हणजे मानेचा प्रश्न होता तिथेच.

"अ‍ॅल्युमिनियम उष्णता शोषून घेतं" हे प्रत्येक काउंटरवर ऐकलं. धातू म्हणून अ‍ॅल्युमिनियम उष्णता उत्तम वाहून नेतं, यात शंका नाही. पण स्टँडवर लॅपटॉप टेकतो तो रबराच्या पट्ट्यांवर, आणि रबर उष्णता फारशी जाऊ देत नाही. धातू आणि लॅपटॉप एकमेकांना नीट भिडतच नाहीत. फायदा होतो तो मधल्या मोकळ्या हवेचा. अ‍ॅल्युमिनियम घ्यावं ते मजबुतीसाठी आणि मुंबईच्या दमट हवेत ते गंजत नाही म्हणून. स्क्रू मात्र लोखंडी असतील तर काही पावसाळ्यांत तांबूस होतात, तेही पाहून घेतलं.

काड्यांच्या सांगाड्यासारखे घडीचे स्टँड हलके, पिशवीत मावणारे, हवेला सर्वांत मोकळे. लोकलने रोज ऑफिसला जाणाऱ्याने तेच घ्यावेत. माझा लॅपटॉप घरातच राहतो, म्हणून मी दोन बिजागऱ्यांचा झेड आकाराचा स्टँड निवडला. त्यातही तीन गोष्टी तपासल्या. खोक्यावरची उंची कुठली? आपल्याला हवी ती मागच्या कडेची, जिथे स्क्रीनची बिजागरी येते. पुढची कड खाली असली तरी चालतं. स्टँड कलता असेल तर स्क्रीन तेवढीच जास्त मागे उघडावी लागते, आणि काही लॅपटॉपची बिजागरी त्याआधीच अडते. आणि वरची पट्टी तळाच्या जाळीवर येते का? एका देखण्या स्टँडची पट्टी माझ्या लॅपटॉपच्या जाळीवर बरोबर आडवी येत होती, तो तिथेच राहिला. घेतलेला स्टँड दीड हजाराच्या आत पडला, मधून पूर्ण मोकळा आहे, आणि तळाचे स्पीकरही आता स्पष्ट ऐकू येतात.

पण वेगळ्या कीबोर्ड-माउसशिवाय हा सगळा खर्च वाया जातो. १६ सेंटीमीटर उचललेल्या लॅपटॉपवर टाइप करायचं म्हणजे मनगटं मोडून खांदे वर धरणं, म्हणजे मानेचं दुखणं खांद्यावर नेणं. दुकानात मला हे कोणी सांगितलं नाही, म्हणून इथे ठळकपणे सांगते: बजेट तिन्ही वस्तूंचं एकत्र धरा. कीबोर्ड मी उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांशिवायचा घेतला. ती बटणं गेली की माउस तेवढा आत येतो आणि उजवा हात बाहेर ताणला जात नाही. मी इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-मांडणीने न बघता टाइप करते, त्यामुळे बटणांवर देवनागरी छापलेली नसली तरी अडलं नाही. खांद्याला आराम मिळाला तो स्टँडपेक्षा या छोट्या कीबोर्डमुळे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तापमानाचं सांगायचं तर फाइल काढताना आकडा आता नव्वदच्या आत राहतो. यातलं सगळं श्रेय स्टँडचं नाही. शेजारच्या इमारतीचा पुनर्विकास चालू आहे, त्या धुळीचा थर पंख्याच्या पात्यांवर आणि जाळीत बसला होता. त्याच फेरीत दुरुस्तीवाल्याकडून लॅपटॉप उघडून साफ करून घेतला, प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारी, वाळून गेलेली थर्मल पेस्टही बदलली. तुमचा लॅपटॉप दोन-तीन वर्षं वापरलेला असेल आणि स्टँडनंतरही तापत असेल तर दुसरा स्टँड शोधू नका, आधी तो साफ करून घ्या.

माझा भाचा सहा फुटांचा. त्याला माझाच स्टँड हवा होता, म्हणून त्याला इथेच बसवून मापं घेतली. त्याला २५ सेंटीमीटरहून जास्त उंची लागत होती, आणि तेवढा वर ताणलेला झेड स्टँड प्रत्येक धक्क्याला डुलतो. त्याने लॅमिंग्टन रोडवरूनच वापरलेला २२ इंची मॉनिटर घेतला, भिंतीला आर्मवर टांगला, आणि लॅपटॉप झाकण मिटून बाजूच्या फळीवर उभा ठेवला. झाकण मिटून चालवताना तापतो का, ते मात्र त्याला काही दिवस एचडब्ल्यूइन्फो लावून बघायला सांगितलंय.