बारा लाळेरी आणि आजींची बोटं

मी घरून बाळंतविडा शिवून देते, सिंहगड रोडला, अकरा वर्षं झाली आता. झबली, टोपडी, कुंची, दुपटी, लंगोट, लाळेरी असा सगळा संच. लोकांना वाटतं यातलं सगळ्यात सोपं काम लाळेऱ्याचं, काय असतं त्यात, पुढे छान कापड, मागे टेरी टॉवेलचा तुकडा, गोल गळा कापला, कडेनं पायपिन मारली की झालं. शिवायला सोपंच आहे ते. पण ते बाळाच्या गळ्यात अडकवायचं कशानं, इथे माझं डोकं सगळ्यात जास्त खर्ची पडतं. बंद, बटण, टिचबटण, वेल्क्रो, सगळं करून झालंय आणि प्रत्येकावरून कोणाचं ना कोणाचं ऐकून पण झालंय.

तर हा किस्सा एका गुरुवारचा. रविवारी बारसं होतं (बाराव्या दिवशी म्हणून बारसं, पण हल्ली हॉल मिळेल त्या दिवशी, हे बाळ दीड महिन्याचं झालं होतं). ऑर्डर दिलेली बाळाच्या आत्यानं, ती न्यू जर्सीला असते, नाव ठेवायला खास येणार होती. पूर्ण बाळंतविडा आणि त्यात बारा लाळेरी. लाळ काय अजून गळत नाही एवढ्याशा बाळाची, ती तिसऱ्या महिन्यानंतर, पण दूध ओकतात ना, दिवसाला चार-पाच सहज लागतात.

आत्याबाईंचा व्हॉइस मेसेज पहिल्याच दिवशी, "ताई, बंद अजिबात नकोत हं, आणि बटणं असली तर ती निघता कामा नयेत." मग तिने समजावून सांगितलं की तिकडे तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या वस्तूंसाठी एक नळकांडं असतं, ३१.७ मिलिमीटर व्यासाचं, वस्तूचा सुटणारा भाग त्यात पूर्ण मावला की तो घशात अडकू शकतो असं धरतात. मी माझं प्लास्टिकचं टिचबटण मोजून बघितलं तर टोपी १२ मिलिमीटरची. म्हणजे निघालं तर थेट घशात. मला तोपर्यंत बटण निघालं म्हणजे गिऱ्हाईक चिडेल एवढीच काळजी असायची, खरं सांगते.

वेल्क्रो मी स्वतःच बंद केला होता. आदल्या वर्षी एका बारशाला माझं वेल्क्रोचं लाळेरं घातलेलं बाळ आईनं खांद्यावर घेतलं, वेल्क्रो अर्धवट सुटला होता, त्याची खरखरीत बाजू पैठणीच्या पदराला चिकटली आणि बाळाला दुसऱ्याकडे देताना मोराच्या पिसाऱ्यातले धागे बाहेर. ती मुलगी काही बोलली नाही, तिच्या सासूबाईंचा फोन मात्र आला आणि तो फोन मी जन्मात विसरणार नाही. शिवाय मशीनमध्ये धुतला की त्याच्यात सगळ्या घरचा कापूस आणि केस, मग तो धरतच नाही. (माझा मुलगा म्हणतो वेल्क्रो शोधलाच मुळी असाच, जॉर्ज दे मेस्त्राल म्हणून एक स्विस इंजिनिअर १९४१ साली कुत्र्याला घेऊन फिरून आला, तर कुत्र्याच्या केसांत काटेरी बोंडं अडकलेली, ती त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तर टोकाला बारीक आकडे. आमच्याकडे ती कुत्र्याऐवजी पैठणीत अडकली एवढंच.)

म्हणून बाराच्या बारा टिचबटणाची केली. रविवार पेठेतून बटणं आणली, ती पकडीनं दाबून बसवायची येतात ना, टोपीला मागे खुंटी असते, टोच्यानं कापडाला भोक पाडायचं, खुंटी आरपार काढायची, वरून नर किंवा मादी (एकमेकांत टक्क बसणारे दोन भाग) ठेवायची आणि पकड दाबली की खुंटीचं डोकं चपटं होऊन बसतं. गळ्याला दोन मापं ठेवली, मादी दोन, एक इंच अंतरानं, म्हणजे बाळ वाढलं तरी चालेल. पाडसाचं, पानाफुलांचं प्रिंट असलेली आठ मलमलची आणि चार खणाची, इरकली काठ लावून, कारण बारशाच्या फोटोत खण हवाच असतो सगळ्यांना.

बुधवारी रात्री सगळी तयार, इस्त्री करायची म्हणून घेतली (बटण सोडून करायची हं, प्लास्टिक आहे, वितळतं, हे मी एकदा पूर्ण करपवून शिकलेय) आणि त्या नळकांड्याचं डोक्यात होतंच, म्हणून एकेक बटण चिमटीत धरून जोरात ओढून बघितलं, पिळून बघितलं. मलमलची आठ ठीक. खणाचं पहिलंच ओढलं आणि टोपी हातात. कापडाला नुसतं भोक राहिलं, कडेनं धागे सुटलेले.

रात्रीचे साडेदहा. बसले मग उकलत. चूक माझीच, मलमलच्या लाळेऱ्यांना गळ्यापर्यंत टेरी घेतला होता, जाडी होती. खणाच्यांना गळ्याशी जाड दिसतं म्हणून टेरी खालीच थांबवला, तिथे नुसता खण आणि अस्तर, दोन्ही पातळ, आणि खुंटी तीच लांब. जाडी कमी पडली की खुंटी सरळ चपटी होत नाही, वाकडी बसते, वरून दिसायला बरोबर, आतून लटकलेली. मग चारही खणाच्यांना आत कॅनव्हासच्या गोल चकत्या घातल्या, आखूड खुंटीच्या टोप्या शोधून काढल्या, परत बसवलं, परत ओढलं. नवऱ्यालाही ओढायला लावलं. एकही निघालं नाही. झोपायला दोन वाजले.

गुरुवारी दुपारी कोथरूडला त्यांच्याकडे गेले द्यायला. आत्या आदल्या रात्रीच पोचलेली, डोळ्यांवर झोप पण उत्साह दांडगा. तिने एकेक बटण ओढून बघितलं, अगदी दोन्ही पायांत लाळेरं धरून ओढलं म्हणा ना, आणि खूश झाली. बाळाची आई आत झोपली होती. बाळ होतं पणजीच्या मांडीवर. आजी ऐंशीच्या पुढच्या, अंगावर मऊ सुती नऊवारी, आणि बोटं बघितली मी, संधिवातानं पेरं अशी आल्याच्या गड्ड्यासारखी झालेली.

"बघू गं एक," म्हणाल्या. मी बाळाला घालून दिलं, टक्क करून बसलं, सुरेख. मग आजी काढायला गेल्या. चिमटीत धरता येईना. नख घालून बघितलं, जमेना. शेवटी त्यांनी दोन्ही टोकं मुठीत धरून ओढली, बटण उघडलं पण झटक्यानं, बाळाची मान हलली आणि त्यानं जो भोंगा पसरला.

आजी शांतपणे मला म्हणाल्या, "छान आहे हो. उघडायला चिमटा देतेस का बरोबर?"

आत्या हसायला लागली, मला मात्र घाम फुटला. कारण विचारल्यावर कळलं की बाळाची आई दोन महिन्यांनी ऑफिसला जाणार, बाळाचे आजी-आजोबा दोघंही अजून नोकरीत, आणि दिवसभर बाळ पणजीकडे, मदतीला एक बाई. म्हणजे बाराच्या बारा लाळेरी दिवसातून पाच-सहा वेळा काढणारी बोटं ही. मी ऑर्डर घेताना बाळाचा महिना विचारते, रंग विचारते, खण हवा का विचारते, घालणार-काढणार कोण हे अकरा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

आजींचं म्हणणं साधं, बंद लाव. "आमच्या सगळ्या पोरांची बंदाचीच होती."

आत्या लगेच, "आजी नाही हं. तिकडे मुलांच्या जॅकेटच्या टोपीच्या, गळ्याच्या नाड्यासुद्धा काढून टाकल्यात, घसरगुंडीला अडकून मुलं गेलीत."

"हे कुठे चाललंय घसरगुंडीवर? आणि मी सुरगाठ मारते, ओढली की सुटते."

मी मधे गप्प, कारण मीही वर्षानुवर्षं बंदाची शिवलीत आणि कुणाला काही झालं नाही, पण काही झालं नाही हे काही उत्तर नव्हे हेही कळत होतं. टिचबटण निदान हिसका बसला की सुटतं, गाठ काय करेल सांगता येत नाही. तेवढ्यात आजीच थांबल्या, जरा वेळानं आत्याला म्हणाल्या, "तुझ्या बापाच्या लाळेऱ्याची एकदा निरगाठ बसली होती बघ. लाळेनं भिजून अशी आवळली, मला सुटेना, ते रडतंय, शेवटी कात्री घातली. हात थरथरत होता माझा." आणि मग बंदाचा विषय त्यांनी परत काढलाच नाही.

मी म्हटलं डोक्यातून घालायचं करू का, होजिअरीच्या ताणणाऱ्या गळ्याचं, बटण नाही बंद नाही. आजी म्हणाल्या, "आणि ओकलेलं दूध तोंडावरून घेऊन काढू?" बरोबरच होतं. तेही बाद.

राहिला वेल्क्रो. माझी पैठणीची गोष्ट मी सांगून टाकली, लपवून काय करणार. आजींनी मात्र माझ्या पिशवीतल्या तुकड्यावर बोट फिरवून बघितलं, कोपरा धरला, सहज उघडला. "हे जमतंय." मग तिथेच त्यांच्या डायनिंग टेबलवर बसून आम्ही ठरवलं. खरखरीत तुकडा छोटा, मऊ तुकडा त्याच्या दुप्पट लांब, म्हणजे थोडं तिरकं लागलं तरी खरखरीत भाग पूर्ण झाकला जातो. खरखरीत बाजू खालच्या पट्टीवर, तोंड बाहेर करून, म्हणजे बाळाच्या मानेकडे कायम कापड किंवा मऊ बाजू. कोपरे गोल कापायचे, वेल्क्रोचा कापलेला कोपरा सुईसारखा टोचतो. वरच्या पट्टीचं टोक अर्धा इंच रिकामं सोडायचं, आजींना धरायला. आणि लाळेऱ्याच्या मागे एक मऊ तुकडा जास्तीचा, धुवायला टाकताना खरखरीत बाजू त्याच्यावर चिकटवून टाकायची. वेल्क्रोचा जोड मागे मानेखाली न घेता खांद्यावर घेतला, आडव्या बाळाला उचलावं लागत नाही आणि ते त्याच्यावर झोपत पण नाही.

मलमलची आठ वेल्क्रोची करून दिली शनिवारी. खणाची चार टिचबटणाचीच राहू दिली, बारशाला आई पैठणी नेसणार होती, मी पुन्हा तो फोन घेणार नव्हते. बदलाचे पैसे घेतले नाहीत, आजींनी जबरदस्तीनं नारळ आणि डबाभर डिंकाचे लाडू दिले, बाळंतिणीचे होते पण मीही दोन रात्री जागलेच होते की.

आठवड्यानं आजींचा फोन. मला वाटलं गेला वेल्क्रो.

"अगं चांगलं चाललंय, पण त्याला आवाज फार. दूध पिता पिता पोर झोपतं, आमच्या न्यू जर्सीवालीनं बजावलंय झोपल्यावर गळ्यात ठेवायचं नाही, म्हणून मी काढायला जाते तर चर्रर्र, की हे टक्क जागं."

मी म्हटलं, "आजी, हळूहळू कोपऱ्यातून सोलल्यासारखं काढून बघा."

"बघितलं. हळू काढलं तर हळू चर्रर्र." मग म्हणाल्या, "आता मी कुकर लावूनच दूध पाजायला घेते. शिट्टी झाली की काढते."